अर्ध्या तिकिटाचा चैत्र

चैत्र लागला की आमच्या वाडीच्या थांब्यावरचा कडुनिंब फुलतो आणि त्याचा बारीक पांढरा फुलोरा खाली उभ्या असलेल्या बायकांच्या पदरांवर, पिशव्यांवर, कडेवरच्या पोरांच्या टोपड्यांवर पडत राहतो. आज सकाळी शिवलेल्या ब्लाउजांची पिशवी घेऊन मी कर्जतच्या गाडीची वाट बघत होते, तर आजूबाजूला जवळजवळ सगळ्या बायकाच. कुणी बँकेत निघालेली, कुणी लेकीकडे. एका म्हातारीला मी विचारलं, कुठं निघालात, तर म्हणाली, "कुठं न्हाई. बाजार बघून येते." एवढं बोलून तिनं पदर नीट केला आणि रस्त्याकडे बघत राहिली. निंबाच्या फुलांचा कडसर गोड वास येत होता. मला आमच्या आत्यांचा तो चैत्र आठवला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे. मी नगर शहरातून लग्न होऊन या वाडीत आले तेव्हापासून बघत होते, घराबाहेरची कामं सगळी आबांची, म्हणजे सासऱ्यांची. बाजार त्यांचा, बँक त्यांची, लग्नाची हजेरी त्यांची, दवाखाना असेल तर तोही त्यांचाच. आत्यांना जुनाट खोकला होता, त्याचं औषधसुद्धा आबाच जाऊन घेऊन येत. डॉक्टर त्यांना खोकला कसा आहे ते विचारत आणि आबा स्वतः खोकून दाखवत.

आबा वाईट माणूस मुळीच नाहीत. चिक्कू मात्र आहेत, आणि तेही उघडपणे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एका माणसाच्या भाड्यात काम होत असेल तर दोघांनी कशाला जायचं? आणि एकानंच जायचं तर ज्याला बाहेरचं कळतं त्यानं जायचं. आता बाहेर गेल्याशिवाय बाहेरचं कळणार कसं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी काढला नव्हता. आत्यांचं जग म्हणजे घर, गोठा, लिंबाची बाग आणि ओढ्यापलीकडची ज्वारी. त्यांचं माहेर पुणतांब्याचं, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गोदावरीच्या काठी. तिथं त्या शेवटच्या कधी गेल्या होत्या ते त्यांनाच आठवत नव्हतं.

आणि मग त्या वर्षी, पाडव्याच्या जरा आधी, बातमी आली की सरकारी गाडीत बायकांना अर्धं तिकीट.

आबांनी ती पारावर ऐकली आणि विश्वास ठेवला नाही. निवडणुकीच्या गप्पा असतील म्हणाले. मग स्वतः थांब्यावर जाऊन कंडक्टरला विचारून आले. येताना त्यांचा चेहरा एखाद्या अवघड व्यवहारात फायदा झाल्यासारखा दिसत होता. हातपाय धुऊन ते पडवीत बसले, भाकरी खाल्ली आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाले, "आजपासनं बाहेरची कामं तुमी दोघींनी करायची. मी एकटा जातो तेवढ्या भाड्यात तुमी दोघी जाऊन येता. मी कशाला पैसं घालवू?"

आत्यांनी चुलीपुढून मान वळवून बघितलं. त्यांना वाटलं, आबा चिडून बोलतायत. मलाही तसंच वाटलं. पण ते अगदी मनापासून बोलत होते. ज्या हिशेबानं आत्यांना इतकी वर्षं घरात ठेवलं होतं, तो हिशेब एका दिवसात उलटा फिरला होता.

पहिल्या खेपेला आम्ही कर्जतच्या बाजारला गेलो. आत्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, कपाळावर कुंकू ठळक लावलं. कंडक्टर तरुण होता, हसरा. आत्यांनी त्याला विचारलं की अर्ध्या तिकिटात बसायला मिळतं का उभंच राहावं लागतं. तो म्हणाला, "आजी, अख्खी शीट तुमची." आत्या खिडकीशी बसल्या आणि गाडी सुरू झाल्यावर दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून ठेवला. बाहेर ज्वारीची रानं मोकळी झाली होती, कडब्याच्या गंज्या रचलेल्या होत्या, मधूनच लिंबाच्या बागेचा ओलसर वास येई आणि लगेच धुळीत विरून जाई.

कर्जतच्या चौकात गाडी थांबली तेव्हा आत्या मला म्हणाल्या, "एवढी माणसं उन्हात का उभी हायती गं सुरेखा? कुणाची वाट बघत्यात?"

मी बाहेर बघितलं. चौकात एकही माणूस नव्हता. कुणाच्या तरी वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर हात जोडलेले, गॉगल लावलेले पंधरावीस कार्यकर्ते ओळीनं छापलेले होते. मागच्या सीटवरच्या बायका हसल्या, आत्याही हसल्या. मी हसता हसता थांबले. दिवसभर मग मी त्यांच्याकडे लक्ष देऊन बघत राहिले. भाजीवाल्याकडे त्या मेथी हाताला लागल्यावर ओळखत होत्या. नोटा बोटांनी चाचपत होत्या. परतताना आमची गाडी समजून त्यांनी उसाच्या ट्रकला हात केला.

घरात हे कुणाला कळलंच नव्हतं, कारण घरात त्यांचं काही अडत नव्हतं. कुठल्या फळीवर मीठ, कुठल्या खुंटीला दोर, गोठ्यात कुठं दगड वर आलाय, सगळं पायांना आणि हातांना पाठ. तांदळातले खडे निवडायचं काम त्यांनी कधीतरी माझ्याकडे सरकवलं होतं आणि सुईत दोरा मी ओवून देते ते तर माझं कामच होतं. वय झालं की एवढं चालायचंच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यासुद्धा.

नगरला एका धर्मादाय दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं हे मला माहीत होतं. माझ्या माहेरच्या गल्लीतल्या किती जणांचं झालं होतं. संध्याकाळी मी आबांपुढं विषय काढला. ते म्हणाले, आता उन्हाळा आहे, डोळ्याचं काम हिवाळ्यात करतात. मी सांगितलं, हल्ली कधीही करतात. ते म्हणाले, बघू. आबांचं बघू म्हणजे नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आत्या भाकरी थापत होत्या. थापता थापताच, आवाज न चढवता, त्या म्हणाल्या, "म्हशीच्या डोळ्याला शिंग लागलं तवा त्याच दिवशी टेम्पो करून कर्जतला नेलीती तुमी. मी बसूनशान ऱ्हायले व्हते तिच्यापाशी."

तव्यावर भाकरी फुगली. आत्यांनी ती उतरवली आणि दुसरी टाकली.

आबांनी तव्यावरच्या भाकरीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "किती खेपा लागत्याल?" मी सांगितलं, तपासायला एकदा, ऑपरेशनला एकदा, नंतर दाखवायला दोनदा तरी. बरोबर मी असणारच. त्यांनी बोटांवर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं. "परवडतंय," ते म्हणाले. "जावा."

मी तेव्हापासून या एका शब्दावर पुष्कळदा विचार केला आहे. शाळेत आम्हाला नागरिकशास्त्राचं पातळसं पुस्तक होतं. देशात कुठंही फिरण्याचा हक्क, सन्मानानं जगण्याचा हक्क, असं त्यात एकाखाली एक लिहिलेलं. बाई ते पाठ करून घेत आणि आम्ही परीक्षेत धडाधड लिहीत असू. आत्यांना ते सगळे हक्क होते. त्यांच्या पायात कुणी बेडी घातली नव्हती. ऑपरेशनही फुकट होतं, दवाखान्याचं दार उघडं होतं. फक्त वाडीपासून त्या दारापर्यंतचा रस्ता त्यांच्या हक्कात कुणी धरला नव्हता, आणि तो रस्ता गाडीभाड्याचा होता.

माझा भाऊ पुण्यात नोकरीला आहे. तो त्या दिवसांत फोनवर माझ्याशी वाद घालायचा. म्हणायचा, ताई, सरकारच्या तिजोरीला भोक पडतंय, लोकांना फुकटाची सवय लागते. मला तिजोरीतलं काही कळत नाही आणि त्याचं सगळंच चूक होतं असंही मी म्हणणार नाही. पुढं गाड्यांचं भाडं वाढलं, आमच्या वाडीची दुपारची गाडी काही महिने बंद होती, तेव्हा अर्धं तिकीट हातात घेऊन आम्ही निंबाखाली बसून राहायचो. जी गाडी येतच नाही तिच्या सवलतीचं करायचं काय? या गोष्टी आहेतच. पण भावाला मी एवढंच म्हणायची की, तू एकदा ये आणि आमच्या थांब्यावर उभा राहा.

आणि सगळ्यांसाठी ते तिकीट पुरलंही नाही. आमच्या शेजारची सुमन माझ्याच वयाची. तिला आमच्याबरोबर नगरला यायचं होतं, तिच्या पोटात सारखं दुखायचं. तिचा नवरा म्हणाला, अर्धं काय, फुकट असलं तरी पाठवणार नाही. आमच्या आबांना निदान पैशाची भाषा कळत होती. सुमन त्या सकाळी दारात झाडू घेऊन उभी होती आणि गाडी वळेपर्यंत आमच्याकडे बघत होती. पुढच्या वर्षी मुलीला शाळेत सोडायच्या निमित्तानं ती बाहेर पडू लागली आणि आता तिचं तीच सगळीकडे जाते. पण ते वर्ष तिचं घरातच गेलं.

नगरचं स्टँड म्हणजे आत्यांना जत्राच वाटली. रसवंतीच्या चरकाचे घुंगरू, काकडीला मीठ-तिखट लावून विकणाऱ्या पोरांची धावपळ, खिडकीतून आत येणारे गोळीबिस्किटांचे ट्रे, आणि वर भोंग्यातून सतत काहीतरी सांगणारा आवाज. आत्यांना त्यातलं अर्धंमुर्धं दिसत होतं, पण ऐकू सगळं येत होतं. रस पिताना त्या म्हणाल्या की नगर ऐकायला लई मोठं आहे.

दवाखान्याच्या लांब खोलीत सगळ्या खाटांवर बायका होत्या. पाथर्डीकडची एक, शेवगावची एक, श्रीगोंद्याची एक, प्रत्येकीच्या डोळ्याच्या वर एकसारखी पट्टीची खूण. सिस्टर म्हणाली की हल्ली बायका जास्त यायला लागल्यात, आधी म्हातारेच असायचे. दुपारपर्यंत आत्यांनी दोघीतिघींशी नातंसुद्धा शोधून काढलं. शेवगावची बाई ऊसतोडीला जाणारी होती. ती सांगत होती, कोयता दिसेना म्हणून मुकादमानं या वर्षी घेतलं नाही, तेव्हा कुठं घरच्यांना डोळे आठवले. हे ती हसत सांगत होती आणि बाकीच्याही हसत होत्या, कारण आता ते दुरुस्त होणार होतं.

ऑपरेशनच्या आधी मात्र आत्या घाबरल्या. माझा हात घट्ट धरून मला हळूच म्हणाल्या, "आणि एवढंबी गेलं तर?" मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी खाटेवर बसून सगळं सांगितलं, किती वेळ लागेल, काय काय जाणवेल. आत्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "लेकरा, तू जेवलास का?" तो म्हणाला, अजून नाही. आत्या म्हणाल्या, मग आधी जेव, उपाशी माणसाचा हात कापतो. तो खरंच जेवून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आत्यांनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचे हात बघितले, पालथे आणि उताणे. "किती सुरकुतल्यात," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात होते, पण त्या मला अशा बघत होत्या की मीच संकोचले. त्यांनी बोट माझ्या हनुवटीला लावलं.

"हितं तीळ हाय व्हय तुला?"

मी हो म्हणाले. त्यांनी काळा चष्मा लावला, पुन्हा काढला, आणि छताकडे बघत सिस्टरला सांगितलं की त्या पंख्यावर लई जळमटं हायेत, तेवढी काढा.

परतीच्या गाडीत जे झालं ते अजून वाडीत सांगतात. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या. अक्षरं येत होती, पण वर्षानुवर्षं वाचायला काही दिसलं नव्हतं. आता त्यांनी काळ्या चष्म्याआडून खिडकीबाहेरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायला घेतली. खतांचं दुकान, वधुवर सूचक केंद्र, पंक्चर काढून मिळेल, प्लॉट विकणे आहे. जोडाक्षर आलं की अडकायच्या आणि तोवर पाटी मागं जायची. मग मागच्या सीटवरची एखादी पूर्ण करायची. थोड्या वेळानं निम्मी गाडी आत्यांबरोबर पाट्या वाचत होती. कंडक्टरनं, तोच पहिला हसरा पोरगा होता, गाडीतली पाटी दाखवून विचारलं, आजी, हे वाचा. आत्यांनी सावकाश वाचलं, "धूम्रपान करू नये." आणि ड्रायव्हरकडे असं बघितलं की त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले आणि सगळ्या बायका ओरडल्या की आधी स्टेअरिंग धर.

घरी आल्यावर आत्यांनी आबांना समोर बसवून नीट बघितलं. काय दिसलं ते त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र न्हाव्याला बोलावून घेतलं.

त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. बँकेत स्वतः जाऊन सही केली. मिरजगावच्या बाजारातून स्वतः निवडून दोन शेळ्या आणल्या, म्हणजे पैसे आबांनीच दिले, पण शेळीचे दात आत्यांनी बघितले. आबा पारावर तक्रार करत की ही आता घरात सापडत नाही. तक्रार करताना ते खूश असत.

वैशाख संपत आला तेव्हा त्या एके सकाळी म्हणाल्या, "मला माझ्या अक्काला बघायचं हाय." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचं लग्न माहेरच्याच गावात झालेलं, म्हणून ती पुणतांब्यातच राहिली. दोघींची गाठ म्हणजे कधीमधी कुणाच्या तरी मोबाईलवरून चार शब्द. आबांनी ना खेपा विचारल्या ना बोटं मोजली. बागेत जाऊन पिशवीभर लिंबं तोडून आणली आणि म्हणाले, रिकाम्या हातानं जाऊ नका.

आम्ही पहाटेची गाडी धरली. नगर सोडलं, राहुरी मागं पडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. आमच्याकडच्या पिवळ्या, करपलेल्या रानांतून आलेल्या डोळ्यांना तो हिरवा रंग सोसेना. पाट भरून वाहत होता. राहात्याला पेरूच्या बागा बघून आत्यांनी खिडकीला कपाळ टेकवलं. मी विचारलं, काय झालं, तर म्हणाल्या, "ह्ये सगळं मी सोडून गेल्ते व्हय?" पुढं पुणतांब्याच्या गाडीत त्या काठावर बसून होत्या, वळणावळणाला पुढं काय येणार ते मला आधीच सांगत होत्या. निम्मं चुकत होतं. विहिरीच्या जागी पेट्रोल पंप निघे.

अक्का घाटावर बसल्या होत्या. घरच्यांनी सांगितलं, दुपार कलली की त्या तिथंच जाऊन बसतात. गोदावरीला उन्हाळ्याचं बेताचं पाणी होतं, पायऱ्यांच्या खाली हिरवट डोहासारखं थांबलेलं, आणि पलीकडे वाळूत पोरं क्रिकेट खेळत होती. आत्या पायऱ्या उतरून गेल्या आणि बहिणीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

अक्कांनी मान वर केली. "कोन हाय?"

आत्या खाली बसल्या. अक्कांनी हात पुढं करून त्यांचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, कानातली फुलं. मग त्यांचा हात गालावरच थांबला.

"हौसे?"

दोघी एकमेकींना धरून पुष्कळ रडल्या, मग पुष्कळ हसल्या. लिंबं निघाली, घरून आलेला चहा झाला, कोण गेलं, कुणाला नातवंडं झाली ते सगळं बोलून झालं. बोलता बोलता आत्या अक्कांच्या डोळ्यांकडे रोखून बघत होत्या. त्यांनी अक्कांची हनुवटी धरून चेहरा उन्हाकडे वळवला, पट्टी काढल्यावर माझ्या हनुवटीला बोट लावलं होतं तितक्याच सावकाश. उन्हात अक्कांच्या दोन्ही बुबुळांवर दुधाची साय आल्यासारखं दिसत होतं.

"हा पडदा हाय, अक्का. माझाबी ह्योच हुता," आत्या म्हणाल्या. "ह्याचं मला समदं ठावं हाय. उद्या सकाळी माझ्याबरूबर नगरला चल."

अक्का हसल्या. त्यांच्या हसण्यात भीती होती, ती मी नगरच्या खाटेवर आधी बघितलेली होती. त्या म्हणाल्या, असं एकदम कसं येणार, शेतातली कामं, सुट्टीतली नातवंडं. मग हळूच म्हणाल्या, "पोरांना इचारावं लागंल गं."

आत्यांनी पाण्याकडे बघितलं. पलीकडच्या पोरांपैकी कुणीतरी चेंडू उंच मारला होता आणि त्या तो खाली येईपर्यंत बघत राहिल्या.

"इचारू की," त्या म्हणाल्या. "मोबाईल हाय सुरेखाकडं. गाडीत बसल्यावर इचारू."